एक डाव बाद

आईने उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. मी कार्ड वाचत होते, "रोहा, पेण, मुरूड आणि महाड हे तालुके कोणत्या जिल्ह्यात येतात?" आणि 'येतात' माझ्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत ती म्हणाली, "कुलाबा." स्वतःचं नाव सांगावं तसं. धाकटा जमिनीवर लोळायलाच लागला. "आजी, कुलाबा मुंबईत आहे! गेटवेच्या तिथे! आपण गेलो होतो, तू पण होतीस!" मोठी हसली, नवरा हसला. मीही हसले असणार. कार्ड उलटं केलं, मागे बारीक अक्षरांत 'रायगड' छापलं होतं. "चूक," मी म्हणाले. "गाडी पंक्चर, एक डाव बाद." आई म्हणाली, "हो का? बरं." आणि पटावरची आपली सुपारी उचलून तिने पदराने पुसली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.

एवढंच झालं. खेळ पुढे सरकला.

ऑगस्टमधला रविवार होता. सकाळपासून पाऊस. साडेचारला लाइट गेली, इन्व्हर्टरच्या बॅटरीने आधीच मान टाकलेली. मोबाईल एकेक करून झोपले आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, तेव्हा मोठीला माळ्यावरचा खोका आठवला. ती दुसरीत असताना, २०१२ साली, पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून मी तो आणला होता. मुलांच्या बुद्धीत भर पडावी म्हणून आणलेल्या बाकीच्या वस्तूंसारखाच तोही चार-पाच रविवार खेळून माळ्यावर गेला होता. झाकणाचं रबरबँड वितळून पुठ्ठ्याला चिकटलेलं, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. महाराष्ट्राचा मोठा पट, चार घड्यांचा. उभी घडी परभणी-लातुरातून गेलेली, आडवी रायगड, पुणे, बीड असं करत. आणि घडीवरचा रंग इतका उडालेला की बीडचं नुसतं 'ड' शिल्लक होतं. कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशा सहा विभागांचे प्रश्नांचे सहा गठ्ठे. फासा टाकायचा, एसटी पुढे न्यायची, ज्या जिल्ह्यात थांबेल तिथला प्रश्न. उत्तर आलं तर तो जिल्हा आपला. चुकलं तर गाडी पंक्चर.

एसट्या मुळात चार होत्या, लाल प्लास्टिकच्या, नखाएवढ्या खिडक्यांच्या. एक कधीच हरवलेली. मी प्रश्न वाचणार आणि निकाल देणार असं ठरलं, म्हणजे खेळणारे चार आणि गाड्या तीन. धाकट्याने एक झडप घालून घेतली, मोठीने एक, एक नवऱ्यापुढे ठेवली. आईला काय द्यायचं म्हणून मी देवघरातून एक सुपारी आणली. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही, हे आता लिहिताना जास्त टोचतंय. आईचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, त्यामुळे ती दिवाणाच्या कडेला बसलेली, आम्ही खाली. तिचा फासा ती टाकायची, पण सुपारी बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी सरकवायचा. आणि सुपारीला काही चाकं नसतात. रायगडावर ती घडी उंचवट्यासारखी वर आलेली, तिथे सुपारी ठेवली की हलकेच घरंगळून अरबी समुद्रात जायची. "आजी बुडाली!" धाकटा ओरडायचा. तेही आम्ही तीन-चार वेळा हसून घेतलं.

आता खरं दुखणं सांगते. पट २०१२ चा, त्यामुळे त्यावर औरंगाबाद होतं, उस्मानाबाद होतं, अहमदनगर होतं. मोठी पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाली, "हे सगळं जुनं आहे, आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर." नवरा म्हणाला, जे छापलंय तेच धरा, नाहीतर खेळच होणार नाही. त्यावर दहा मिनिटं वाद झाला, आवाज चढले, आणि शेवटी मी पंच या नात्याने निकाल दिला: दोन्ही नावं चालतील. पालघर तर पटावर नव्हतंच. ठाणे एवढं मोठं, समुद्रापासून घाटापर्यंत एकच जांभळा तुकडा. २०१४ पर्यंत ते तसंच होतं. मोठीने बॉलपेन घेतलं आणि अंदाजाने मधोमध एक रेघ मारून वरच्या भागात 'पालघर' लिहिलं. कलेक्टरनेसुद्धा इतक्या झटपट जिल्हा केला नसेल. पस्तीसाचे छत्तीस झाले आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

मग नवऱ्याची पाळी. प्रश्न आला, "रिसोड हा तालुका कोणत्या जिल्ह्यात आहे?" नवरा तिथलाच. छाती पुढे काढून म्हणाला, "अकोला!" आणि लगेच, "अरे नाही, थांब, थांब, वाशीम. वाशीम!" मोठी म्हणाली, पहिलं उत्तर धरायचं. तो तिच्यावर उसळला, "काहून? वाशीम जिल्हा माझ्यानंतर पंचवीस वर्षांनी जन्मलाय बावा. १९९८ साली. मी बारावीचा फॉर्म भरला तेव्हा अकोलाच लिहिलंय." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी त्याला वाशीम देऊन टाकलं, लाल एसटी पुढे गेली.

आणि त्यानंतर दोनच पाळ्यांनी मी आईला म्हणाले, चूक.

त्याच्या आधी ती रंगात आली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, हा प्रश्न तिला आला तेव्हा ती दिवाणावर जरा ताठ बसली आणि 'आमचे चिंतामणराव' म्हणाली. देशमुख हे आडनाव सांगायची गरजच नाही, रोह्यात एकच चिंतामणराव. धाकट्याला 'कोकण रेल्वे कुठून सुरू होते?' असा प्रश्न आला आणि त्याने 'मुंबई' म्हणून गाडी पंक्चर करून घेतली, तेव्हा तिने मला डोळ्यांनी खुणावलं होतं, मला येतंय बरं का. रोह्याहून सुरू होते, हे तिला न येऊन कसं चालेल, तिच्या अंगणातून शिट्टी ऐकू यायची. तर अशी ती फुलात होती, आणि पुढचाच प्रश्न तिच्या माहेराचा निघाला. घाई तिने आनंदाने केली होती.

साडेसहाला लाइट आली. पंखा फिरायला लागला, कार्डं उडाली, चार्जरांसाठी धावाधाव झाली. कोण जिंकलं ते कोणीच मोजलं नाही. मी पट मिटला, खोका कपाटावर ठेवला आणि कुकर लावला.

रात्री भांडी आवरताना ते 'बरं' ऐकू आलं. तसं आईचं 'बरं' मी पन्नास वर्षं ऐकतेय, त्याच्या निदान सात-आठ जाती मला ओळखता येतात. कुठलंसं 'बरं' म्हणजे तू सांगतेस म्हणून मान्य, कुठलं म्हणजे बघू. हे त्यातलं नव्हतं. हे मी यापूर्वी एकदाच ऐकलं होतं, आणि कुठे ते आठवल्यावर हातातली कढई मी सिंकमध्ये तशीच ठेवली.

गेल्या वर्षी, बाबा गेल्यावर आई इथे पुण्याला आली त्यानंतर, तिच्या एका कागदासाठी आम्ही दोघी एका कार्यालयात तीन वेळा गेलो होतो. संगणकावर जन्माचा जिल्हा निवडायचा होता. खिडकीतल्या मुलाने यादी उघडली. 'क'मध्ये कोल्हापूर होतं, कुलाबा नव्हता. शाळेच्या दाखल्यावर कुलाबा, यादीत रायगड, म्हणजे कागद आणि फॉर्म जुळत नाही, म्हणजे परत या. तिसऱ्या वेळी तो मुलगा मदत करायच्या सुरात म्हणाला, "मॅडम, कुलाबा म्हणजे मुंबई शहर टाकून देऊ का?" माझा तोल गेला. मी त्याला भर रांगेत ऐकवलं, की तिचा जन्म झाला तेव्हा तुमची ही यादी सोडाच, महाराष्ट्र राज्यसुद्धा नव्हतं. रांगेतले चार जण माझ्याकडून बोलले. आईने मात्र माझा दंड धरला, "जाऊ दे गं," आणि त्या मुलाकडे वळून म्हणाली, "बरं." तेच ते. अगदी तेच. तिथून बाहेर पडल्यावर रिक्षात मी अर्धा तास त्या मुलाच्या नावाने बोटं मोडत होते. आता माझ्या हातात छापील कार्ड आल्याबरोबर मी खिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन बसले होते.

तसं पाहिलं तर आईला गावांच्या खेळात हरवणं आमच्या घरात कधी सोपं नव्हतं. रोह्याहून पुण्याला मावशीकडे जायचं म्हणजे नागोठणे, पेण, खोपोली करत बोरघाट चढायचा. एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट इतका, की बोलायचं ते ओरडूनच. डिझेलचा वास, समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याचा हाताला लागलेला गंज, आणि आईच्या नाकाशी धरलेलं लिंबू. बाबा आम्हाला उलटीपासून लांब ठेवायला गावांच्या भेंड्या सुरू करायचे. ज्यांनी त्या खेळल्यात त्यांना 'र'चं दुःख सांगायला नको. कोल्हापूर म्हणा, सोलापूर म्हणा, नागपूर म्हणा, फिरून 'र' गळ्यात. रत्नागिरी, राहुरी, रोहा संपले की माणूस घामाघूम. बाबांकडे दोन हुकमी एक्के होते: रावेर आणि राजापूर. 'र' घ्यायचा आणि 'र'च परत करायचा. दादाने पुढे 'व'वर वडगाव शोधून काढलं, ते तर महाराष्ट्रात दर दहा मैलांवर आहे, त्यामुळे एकाच प्रवासात वडगाव मावळ, वडगाव शेरी असं करत तो चार वेळा सुटायचा. यवतमाळ म्हणणाऱ्याला सगळे शिव्या घालायचे, कारण 'ळ'ने कुठलं गाव सुरू होणार? मग 'ल' चालेल का यावर खोपोलीपर्यंत चर्चा.

आई यात नसायची. लिंबू हुंगत, डोळे मिटून बसलेली असायची. पण आमचं घोडं अडलं, दहापर्यंत आकडे मोजून होत आले, की मिटल्या डोळ्यांनीच ती एखादं गाव टाकायची. 'ख'वर खेड, खोपोली, खामगाव, खंडाळा संपले की म्हणायची, "खांब." आमच्याबरोबर असलेला पुण्याचा मावसभाऊ उसळायचा, खांब काय गावाचं नाव असतं? "गोवा रोडवर, कोलाडच्या अलीकडे," डोळे मिटलेलेच. कधीकधी असं काही नाव काढायची की बाबाही चाट पडायचे. आठ-दहा घरांची वाडी असेल, नकाशात तर नक्कीच नसेल. "आहे का खरंच?" ते विचारायचे. "आहे. माझी मावसबहीण दिलीये तिथे." बाबांचा नियम असा, की एसटी थांबत असेल तर गाव धरायचं. "थांबते," आई म्हणायची, "हात दाखवला की थांबते." आणि यावर बाबांकडे उत्तर नसायचं.

तिचा सगळा भूगोल हा असा. कोण कुठे दिलीये, कुणाचं बाळंतपण कुठे झालं, कुठल्या गावची सोयरीक मोडली. मुरूड म्हणजे मोठी आत्या आणि तिच्या दारातली नारळीची झाडं. पेण म्हणजे पोह्याचे पापड आणि गणपतीच्या कारखान्यांतला ओल्या शाडूचा वास. नागोठणे म्हणजे गाडी बदलायची आणि पोरांना मोरीवर न्यायची जागा. अलिबाग म्हणजे कोर्टकचेरी, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, आणि 'जिल्ह्याला जाऊन येते' म्हणताना आवाजात येणारा एक किंचित भाव. माझ्या भूगोलात रस्ते आहेत, तिच्यात माणसं. धाकट्याचा तर तिसराच प्रकार. त्याला एक नदी धड सांगता येत नाही, पण हायवेवर मागच्या सीटवरून तो गाड्यांच्या पाट्या वाचत असतो: एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ११ सातारा, एमएच ३३, "आई, गडचिरोली! इतक्या लांबून!" त्या गाडीला तो हात हलवून दाखवतो. त्या दिवशीही हसून झाल्यावर त्याने आजीला नीट समजावलं होतं, "आजी, रायगड, एमएच ०६. पेणचं पासिंग. लक्षात ठेव." त्याच्या दृष्टीने तो मदतच करत होता.

मी शाळेत होते तेव्हा रायगड नुकताच झाला होता. १९८१ साली नाव बदललं, त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, औरंगाबादेतून जालना. पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली. आमच्या तिसरीच्या वर्गात जिल्ह्याचा भूगोल शिकवायला मेणकापडी नकाशा होता, वर-खाली लाकडी दांड्या लावलेला. तो जुना होता. गुरुजींनी वहीच्या कागदाची एक पट्टी कापून त्यावर शाईने 'रायगड' लिहिलं होतं आणि ती डिंकाने 'कुलाबा'वर चिकटवली होती. पावसाळा लागला की डिंक सुटायचा. एका बाजूने पट्टी वर उचलायची आणि खालचं 'बा' डोकवायचं. गुरुजी शिकवता शिकवता अंगठ्याने ती दाबायचे. गुरुजींचा अंगठा उचलला की ती परत वर. श्रावण-भाद्रपदात आम्हा पोरांचं अर्धं लक्ष त्या 'बा'कडे. नकाशा काढायचा तर प्लास्टिकचा साचा असायचा, आणि त्यात कोकणाची पट्टी इतकी बारीक, की पेन्सिल जरा बोथट असली तर समुद्राची रेघ आणि सह्याद्रीची रेघ एक व्हायची. आमचा जिल्हा मी कित्येकदा असा पेन्सिलीखाली चिरडलाय.

मोठीला माझं काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं. दोन दिवसांनी ती मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली, "आई, हे बघ, नकाशावरचे असे खेळ किती जुने आहेत. १७५९ साली लंडनमध्ये एका जॉन जेफ्रीज नावाच्या माणसाने युरोपच्या प्रवासाचा खेळ काढला होता. पटावर गावं, आकडे टाकलेले, आपण प्रवासी. आणि फासा नाही हां, भोवरा फिरवायचा. कारण फासा म्हणजे जुगार." डाळ निवडत बसलेल्या आईला हे फार आवडलं. "म्हणजे तिथेही होतंच की ते," ती म्हणाली. तिच्या माहेरी फाशाला पाडव्याचा एक दिवस मुभा. एरवी सोंगट्या बाहेर काढलेल्या दिसल्या की तिची आजी चुलीतलं लाकूड घेऊन धावायची. गणपतीच्या जागरणाला मात्र पुरुषमाणसं रात्रभर पत्ते कुटायची, ते का चालायचं, हे तिला ऐंशीच्या घरात आल्यावरही कळलेलं नाही. थोड्याच वर्षांनी त्याच लंडनमध्ये कोणी नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीने कापायला लागला, मुलांनी जोडत बसावं म्हणून. मोठी हे वाचत होती आणि मी विचार करत होते, एखादी सीमा बदलली की त्या बिचाऱ्याचे सगळे ठोकळे वाया.

१७५९ म्हटल्यावर आई म्हणाली, "आमच्या किल्ल्यातल्या गणपतीचं देऊळ त्याच साली बांधलेलं. राघोजी आंग्र्यांनी. पाटी होती तिथे." मोठीने विचारलं, कुठला किल्ला? आणि मग आईने सांगितलं ते मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकायला मिळालं. सातवीत असताना त्यांची सहल अलिबागला गेली होती. ओहोटीची वेळ साधून बाईंनी मुलींना पाण्यातून चालवत किल्ल्यात नेलं. परकर गुडघ्यापर्यंत वर धरलेले, पायाखाली वाळू सरकतेय, मध्येच काहीतरी पायाला लागलं की अख्खी रांग किंचाळतेय. आत गोड्या पाण्याची विहीर. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध ते गोडं पाणी, सगळ्या मुलींनी ओंजळीने पिऊन बघितलं, कुणाचा विश्वासच बसेना. बाई तटावर उभ्या राहून ओरडून सांगत होत्या, वाऱ्याने अर्धं उडून जात होतं, की मुलींनो, हाच कुलाबा किल्ला, याच्यावरून आपल्या जिल्ह्याचं नाव. "मग भरती लागायच्या आत पळत पळत परत," आई म्हणाली. "माझी एक चप्पल गेली." तिने पुन्हा डाळीत मान घातली. मोठी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री मी आईची पिशवी काढली. तिची कागदांची कापडी पिशवी आमच्याच कपाटात असते, त्या कार्यालयाच्या खेपांपासून. शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकमध्ये घातलाय तरी घडीवर फाटत आलाय, आणि त्यावर बोरूसारख्या जाड निबाने लिहिलेलं: तालुका रोहे, जिल्हा कुलाबा. 'रोहे', 'रोहा' नाही. म्हणजे खेळाच्या कार्डावरचा तालुकाही तिच्या हिशेबाने चुकलेलाच होता, आणि तिने ते काढलं नव्हतं. खाली बाबांची पत्रं, मी हॉस्टेलला असताना आलेली. पंचायत समितीतले कारकून, अक्षर मोत्यासारखं आणि पत्ता लिहिण्याच्या बाबतीत महा कर्मठ. पाठवणाऱ्याच्या जागी प्रत्येक पत्रावर एकच मजकूर: 'जि. रायगड (पूर्वीचा कुलाबा)'. १९९४ च्या पत्रावरसुद्धा. तेरा वर्षं झाली होती नाव बदलून, पोस्टमनला काही अडत नव्हतं, तरी कंस सुटला नाही. मला तेव्हा मैत्रिणींत त्याची लाज वाटायची.

आणि मग आठवलं, की मतदानाला जाताना तर कुलाबाच होता की. जिल्ह्याचं नाव गेलं तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला, २००४ च्या निवडणुकीपर्यंत; रायगड २००९ ला आला. चिंतामणराव १९५२ साली निवडून गेले ते कुलाब्यातून. आजोबा ते मत अभिमानाने सांगायचे, आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडलं, तो दिवस तर घरात सण असल्यासारखा सांगितला जायचा. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. नकाशे काढायची भांडणं काय असतात, हे तिने रेडिओ नसलेल्या घरात, ओटीवर बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या खेळातल्या पटाच्या रेघा ज्यातून निघाल्या त्या गोष्टी तिच्या कानावरून गेलेल्या, आणि मी तिला एक डाव बसवून ठेवलं होतं, कारण मागे बारीक अक्षरांत दुसरंच छापलेलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं काय, खेळच तर होता." मग जरा थांबून, "मला वाशीम दिलंस मात्र." एवढंच बोलला आणि कूस बदलली. त्याचा हा गुण मला आवडतो आणि त्याच वेळी आवडतही नाही.

पुढच्या रविवारी ऊन पडलं होतं. खोका काढण्याचं कारण नव्हतं, लाइट होती, मुलं आपापल्या खोलीत. आई गॅलरीत तांदळातले खडे निवडत होती. तिच्यासमोर सूप, बाजूला ताटली. मी चहा घेऊन जाऊन बसले. आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य होतं, ते ऐन वेळी भलतंच निघालं. "आई, त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं."

"कुठलं गं?"

"खेळातलं. कुलाबा."

तिने सूप पाखडलं. कोंडा उडाला, उन्हात जरा तरंगला. "हां, ते," ती म्हणाली. खरंच विसरली होती की मला सोपं करून देत होती, मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून असलं काही कळत नाही, बाबांनाही कळायचं नाही. मी सांगायला लागले, की दाखल्यावर बघितलं मी, आणि मतदारसंघही होता २००४ पर्यंत, आणि नियमाने दोन्ही नावं चालतील असं मीच ठरवलं होतं, म्हणजे तुझंही चालायला हवं होतं. ती ऐकत होती, बोटं तांदळात फिरत होती. एक खडा काढून तिने ताटलीत टाकला. टिण्ण आवाज झाला.

"चहा निवतोय तुझा," ती म्हणाली.

मी प्यायले. खाली कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता. आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"आणि बाय, ती सुपारी कुठे ठेवलीस? खेळायला दिली होतीस ती. पूजेतली होती ती. मंगळवारी चतुर्थी आहे, मला लागेल."

मी जाऊन खोका उघडला. तिन्ही एसट्या होत्या, फासा होता, सहाही गठ्ठे होते. सुपारी नव्हती. पट उलगडून झटकला, झाकणाखाली बघितलं. मग धाकट्याला हाक मारली, मोठीला हाक मारली, आणि शेवटी दिवाणाखाली पालथी पडून, मोबाईलचा टॉर्च मारून, केरसुणीच्या दांड्याने पार मागच्या भिंतीपर्यंत मी एकेक वस्तू पुढे ओढत राहिले. एक खोडरबर, एक रबरबँड, चौथी एसटी निघाली.